तिचं एकच वाक्य

एम.ए. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मुलांना रडवण्यात खासनीस सरांचा हात कोणी धरू शकत नसे. समोर रेणुका गेडाम बसली होती.

"कादंबरीतली नायिका घर का सोडते?"

रेणुका बोलत गेली. सर डोळे मिटून मान डोलावत होते.

"पण सर, मला वाटतं, तिला कुणी थांबवलंच नाही."

"पुरे!" सर कडाडले आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंकडे वळले. "सगळं पाठ करून येतात. काय गं, यातलं एक तरी वाक्य तुझं आहे?"

"आहे ना, सर. तुम्ही मान डोलावलीत ती सगळी तुमच्या नोट्समधली. जिथे 'पुरे' म्हणालात, ते माझं."



बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बोल, रेणुका. आता तुझंच ऐकायचंय."