देवाज्ञेचा रांजण

त्या राज्यात कोणी मरत नसे. तिथे देवाज्ञा होत असे. ‘मेला’ हा शब्द वापरात होता, पण तो जिवंतांसाठी. आया खोडकर पिल्लांना दिवसभर ‘मेल्या’ म्हणून हाक मारत, आणि त्यातले एखादे खरोखरच गेले की तो शब्द गिळून टाकत.

कोणी गेले की घरच्यांनी एक खडा घेऊन दरबारात जायचे, अशी जुनी रीत होती. तिथे कासवअण्णा बसलेले असत. त्यांच्यामागे चार रांजण होते: दात, भूक, पाणी आणि देवाज्ञा. काय झाले ते ऐकून अण्णा खडा योग्य त्या रांजणात टाकत. बारसे होण्याआधी गेलेल्यांचा खडा घेत नसत. ज्याला नाव नाही तो आला होता हेच मुळात कसे धरायचे, असे अण्णांचे म्हणणे होते.

पूर्वीच्या एका राजाने नियम घालून दिला होता की, जो रांजण गळ्यापर्यंत भरेल त्याचा बंदोबस्त राजाने करायचा. दाताचा रांजण एकदा भरला होता, आणि सगळ्या लांडग्यांना डोंगरापलीकडे जावे लागले होते. तेव्हापासून दरबार सावध झाला. दात, भूक आणि पाणी यांवर जड झाकणे बसली. ती उचलायला साक्षीदार लागत. देवाज्ञेला झाकण नव्हते.

ओढ्याकाठी एक साळू राहत असे, अंगभर काट्यांची. तिचे पहिले पिल्लू जुलाबाने गेले, आणि त्याचा खडा देवाज्ञेत पडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला तरसांनी हाडे धुण्याचा उद्योग काढला होता, तोही राजाच्या परवानगीने, आणि तेव्हापासून पाण्याला वास येत होता. दुसरे पिल्लूही तसेच गेले, तेव्हा ती पांढरी रेघ असलेला तांबूस खडा घेऊन दरबारात आली.

“पाण्याच्या रांजणात टाका, अण्णा.”

“बुडाला का?”

“नाही. प्याला.”

“मग पाणी नव्हे, बाई. पाणी म्हणजे बुडून.” अण्णांना कोणावर रागावण्याची सवय नव्हती. “बरं, अगदी शेवटी काय झालं?”

“अगदी शेवटी श्वास थांबला.”

“झालं तर. श्वास थांबला म्हणजे देवाज्ञा.”

“श्वास तर सगळ्यांचाच थांबतो, अण्णा.”

“म्हणून तर हा रांजण मोठा आहे.”

रांगेत मागे उभी असलेली मुंगशीण म्हणाली, “अगं, गेलेल्याच्या मागे असं खोदून विचारू नये. चांगलं दिसत नाही. आणि तरसं माझ्या शेजारी राहतात, मला तिथंच नांदायचंय.”

खडा देवाज्ञेत पडला. साळूने आवाज ऐकला आणि ती घरी आली. तिसरे पिल्लू अजून अंगावर पीत होते. उन्हाळा लागला की त्याचे दूध सुटणार होते. टेकडीपलीकडचा झरा लांब होता, म्हणून मग त्याला ओढ्यावर न्यावेच लागणार होते. पाण्याचा रांजण भरल्याशिवाय तरसे हलणार नव्हती, आणि पाण्याचे झाकण काही उचलले जात नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडावर देवाज्ञेचा रांजण मात्र गळ्यापर्यंत भरला.

राजा गवा नियमाला पक्का होता. त्याने दरबार बोलावला. देवाचा बंदोबस्त कसा करायचा हे कोणालाच सुचेना. शेवटी प्रधान वानर म्हणाले, “महाराज, आज्ञा जरा कमी सोडा, अशी देवाला विनंती करता येईल. पण त्यासाठी देवाला बसायला जागा हवी.”

“आज्ञा सर्वांत जास्त कुठं होतात?” राजाने विचारले.

“ओढ्याकाठी,” अण्णा म्हणाले. त्यांचा हिशोब कधीच चुकत नसे.

“म्हणजे देवाचं लक्ष तिथंच आहे. देऊळ तिथंच बांधा.”

देऊळ झाले. ओढ्याचे पाणी हेच तीर्थ ठरले, आणि प्रत्येकाने, विशेषतः लहानांनी, ते रोज घ्यावे असे फर्मान निघाले. काठ निसरडा होता, म्हणून पायऱ्या बांधायचे ठरले. भरलेला रांजण नाहीतरी रिकामा करायचाच होता. ते खडे चुन्यात बसवून उत्तम पायऱ्या झाल्या, ठेंगण्या आणि रुंद. ज्या पिल्लांचा पाय आजवर पाण्यापर्यंत पोचत नव्हता त्यांचाही आता पोचू लागला.

साळू पिल्लाला घेऊन आली तेव्हा मोठी रांग होती. तिसऱ्या पायरीवर पिल्लू थांबले आणि पायाखाली पाहू लागले. तिथे एक तांबूस खडा होता, पांढरी रेघ असलेला. मग पिल्लाने पाण्याकडे मान लांब केली.

साळूने त्याला मागे ओढले, रांगेकडे पाठ केली, सगळे काटे उभारले आणि पायरीवर आडवी बसली.

रांग खोळंबली. कोणी ओरडले, कोणी विनवले. शेवटी कासवअण्णांना बोलावून आणले. त्यांना यायला वेळ लागला.

“बाई, उठा. लोक ताटकळलेत. इथं बसायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“देवाज्ञा झाली.”

“तुम्हाला? कधी?”

“दोनदा. खडे तुमच्याकडेच दिले होते.”

अण्णांनी मान आत घेतली. देवाज्ञेविरुद्ध हुकूम काढण्याची तरतूद राज्यात कुठेच नव्हती. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग कुरकुरत टेकडीपलीकडच्या झऱ्यावर गेले. दुसऱ्या दिवशीही साळू तिथेच होती. मग झऱ्याचीच वाट पडली. पिल्लाला मुंगशीण तिकडे नेत असे. साळूला मात्र वेडी म्हणायची प्रथा पडली.

पाऊस येईपर्यंत ती हलली नाही. देवाज्ञेच्या रांजणाचा तळही त्या उन्हाळ्यात धड झाकला गेला नाही.

देव पावला हे उघडच होते. राजाने प्रधानांचा सत्कार केला, तरसांनी देवळाला घंटा दिली, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावांसाठी दुसरे देऊळ लगेच मंजूर झाले. गवंड्यांनी कळवले की सगळी तयारी आहे, पण पायऱ्यांना खडे पुरत नाहीत.

कासवअण्णांनी रिकाम्या रांजणात डोकावून पाहिले आणि निरोप धाडला: तुम्ही तीर्थ सुरू करा, खडे येतील.