समोरचं पान

शहरातून निघालेली मेट्रो वाकसपाड्यापर्यंत आली खरी, पण स्टेशन उभं राहिलं हायवेच्या पलीकडे. ओलांडायला ना पूल, ना भुयारी वाट. गाव तक्रार घेऊन गेलं, तेव्हा प्रकल्पप्रमुख कारखानीससाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "स्टेशन गावातून दिसतं ना? मग झालं तर!"

सरपंच सुगंधाताईंनी तिथल्या तिथेच साहेबांना उद्घाटनाच्या दिवशीच्या गावजेवणाचं आमंत्रण दिलं. त्यांचे सासरे गणूनाना हरखले आणि त्या दिवशी स्वतः तूप वाढायला उभे राहिले.

साहेब पहिल्याच मेट्रोने आले, गळ्यात हार मिरवत जिना उतरले आणि थबकले. पंगत बसली होती हायवेच्या अलीकडे, गावाच्या वेशीत. मधोमध त्यांचा पाट, भोवती रांगोळी, पुढे वाढलेलं पान. पण मधली ट्रेलरची रांग काही तुटेना.

गणूनानांनी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. पान वाढायचं आणि पाहुण्याला रस्त्यापलीकडे ताटकळत ठेवायचं? सात पिढ्यांत गावाने असलं पाप केलं नव्हतं!

"सूनबाई, अगं काय केलंस हे?"

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पलीकडून साहेब ओरडत होते, "ही काय थट्टा आहे? मी इथे उपाशी उभा आहे!"

"पान दिसतंय ना, साहेब?"

"दिसतंय, पण..."

"मग झालं तर! करा सुरुवात."

नानांनी आ वासला. रस्त्यापलीकडे साहेबांनीही वासला. त्यात घास मात्र पडला नाही.