दुपारी संपलेला बर्फ

"चौकशीत माझ्यावर साधा ठपकाही आला नाही, भन्ते. मग मला झोप का येत नाही?"

भन्ते धम्मसार विहाराच्या ओसरीवर बसले होते. मे महिन्यातली दुपार कलत आली होती, तरी डोक्यावरचे टिन तडतडत होते. कोळसा खाणींच्या बाजूनं गरम वारा सुटला होता.

समोर सुबोध खोब्रागडे बसला होता. याच ओसरीवर भन्तेंनी त्याला लहानपणी त्रिशरण शिकवलं होतं. पुढं तो इंजिनिअर झाला. गावातल्या धर्मादाय रुग्णालयाला गार ठेवण्याची सगळी योजना त्याचीच होती.

भन्तेंनी विचारलं, "चौकशीत काय विचारलं?"

"ट्रान्सफॉर्मर का जळाला, ते."

"आणि काय विचारलं नाही?"

सुबोधनं नजर रुग्णालयाच्या दिशेनं वळवली.

त्याच्या योजनेचं गावाला मोठं अप्रूप होतं. रुग्णालयाच्या मागं त्यानं मोठमोठ्या टाक्या बसवल्या होत्या. रात्री विजेवरचा भार कमी असतो, हवाही जरा निवते. तेव्हा मशीन लावून टाक्यांतलं पाणी गोठवायचं. दिवसा त्या बर्फातून गार झालेलं पाणी नळ्यांनी वॉर्डांत खेळवायचं आणि पंख्यांनी त्यावरून हवा सोडायची. दिवसाही मशीन जोडीला चालू असायचं; भर दुपारी वीज गेली तर ते बंद पडणार. पण पंप आणि पंखे छोट्या जनरेटरवरही चालत. जोवर टाकीत बर्फ, तोवर वॉर्ड गार.

उष्माघाताचे रोगी त्या वॉर्डात शुद्धीवर येत. लोक म्हणत, खोब्रागडेच्या पोरानं उन्हाला दावणीला बांधलं.

त्यालाही तसंच वाटू लागलं होतं.

"सांग," भन्ते म्हणाले.

"त्या दिवशी सकाळी माझा सत्कार होता, भन्ते. रुग्णालयाच्याच सभागृहात. नागपूरहून पाहुणे आले होते."

"हं."

"सभागृह या योजनेत नव्हतं. टाक्या फक्त वॉर्डांपुरत्या होत्या. मीच एक नळी तिकडं जोडून घेतली. आणि मीच मशीन बंद करायला लावलं. वीज होती, तरी. पाहुण्यांना दाखवायचं होतं, की बघा, मशीनचा आवाज नाही, काही नाही, नुसत्या बर्फावर एवढं सभागृह गार होतं."

"झालं गार?"

"झालं. बायकांनी पदर लपेटून घेतले. एक पाहुणे म्हणाले, शाल दिलीत ते बरं केलंत... सगळे हसले. मीही हसलो."

वाऱ्यानं ओसरीवर धुळीचा लोट आणून टाकला. भन्तेंनी डोळे मिटले, उघडले.

"भाषणं लांबली. जेवणंही तिथंच झाली. दारं सारखी उघडी. दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला, सगळ्या गावाची वीज गेली. मला आधी भीतीसुद्धा वाटली नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता पाहुण्यांना खरी गंमत दिसेल. त्यांना घेऊन मी टाक्यांपाशी गेलो. झाकण उघडलं..."

"मग?"

"पाणी होतं, भन्ते. नुसतं पाणी."



त्यानंतर काय झालं ते भन्तेंना सांगायची गरज नव्हती. ते त्या दुपारी वॉर्डातच होते. दुर्पताबाई रामटेके तिथं होती. वीटभट्टीवर काम करता करता कोसळलेली, विहारातली जुनी उपासिका. आदल्या दिवशी तिला आणलं तेव्हा अंग तव्यासारखं होतं. रात्रीतून ताप उतरला होता. सकाळी तिनं चहा मागितला होता. भन्ते भेटायला गेले तेव्हा ती उठून बसली आणि तिनं हात जोडले.

मग वरून येणारी हवा कोमट झाली. मग गरम झाली. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरून आगीची धग.

"भन्ते," दुर्पताबाई म्हणाली होती, "थंडं येनं बंद झालं का जी?"

संध्याकाळी वीज आली. तोवर ती गेली होती. त्या वॉर्डातून त्या दिवशी आणखीही काही देह बाहेर काढावे लागले.

सुबोध म्हणाला, "चौकशी समितीनं अहवालात लिहिलं, योजना उत्तम होती, आपत्तीच मोठी होती. माझं कौतुक आहे त्यात. कौतुक! बर्फ सकाळी कुठं गेला, हे कुणी विचारलंच नाही."

"तू सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार?"

"हो... उद्या जातो."

"आज फोन आहे ना खिशात?"

सुबोधनं फोन काढला. समितीच्या साहेबांना त्यानं तिथंच बसून सगळं सांगितलं. सत्कार, नळी, बंद ठेवलेलं मशीन. एकही शब्द झाकला नाही. बोलून झालं आणि तो ऐकत राहिला. मग त्यानं फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अहवाल वर गेलाय. आता कशाला उकरताय? तुमच्या मनावर परिणाम झालाय, खोब्रागडे, थोडी विश्रांती घ्या."

तो हसायला गेला. ते हसू निघालं नाही.

"शिक्षासुद्धा मिळत नाही, भन्ते. आता मी काय करू?"

"लेखी दे."

"देईन. मग झोप येईल?"

"ते मला ठाऊक नाही."

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. टिनाचे पत्रे हादरले आणि पुन्हा तडतडू लागले.

"वॉर्ड कसा आहे आता?" भन्तेंनी विचारलं.

"माहीत नाही. मी तिकडं जात नाही."

"आणि टाक्या?"

"रिकाम्या केल्या. मीच. मशीनही मीच बंद करून आलो. पुन्हा कुणी त्या बर्फाच्या भरवशावर पडून राहायला नको."

"मी सकाळी गेलो होतो," भन्ते म्हणाले. "खाटा भरल्यात. खालीही माणसं निजलीत. दोन कूलर लावलेत, गरम वारा फेकतात."

सुबोधनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला ते जमणार नाही. पंपाचा आवाज आठवला तरी कान झाकून घेतो. पुन्हा बर्फ करीन, पुन्हा कमी पडेल. कधी ना कधी कमी पडणारच. या उन्हापुढं कुठली टाकी पुरणार आहे?"

"नाही पुरणार."

सुबोधनं मान वर केली. असं उत्तर त्याला नको होतं.

"मग मला चीवर द्या, भन्ते. मी नोकरी सोडतो, भिक्खू होतो. इथंच राहतो. झाडलोट करीन, तुम्ही सांगाल ते करीन. मला... मला आता थोडं निवायचं आहे."

भन्ते हळूच उठले. वय झालं होतं, गुडघे धरून उठावं लागे. दोरीवर त्यांचं एक चीवर वाळत होतं. ते त्यांनी काढून घेतलं.

सुबोधनं ते घेण्यासाठी हात पुढं केले.

भन्तेंनी ते त्याच्या हातात दिलं नाही. कोपऱ्यातल्या रांजणापाशी गेले, त्यात ते बुडवलं, जरा पिळलं आणि तसंच ओलं त्याच्या पाठीवर टाकलं.

सुबोध शहारला. मानेवरून, खांद्यांवरून पाणी ओघळलं. गरम वारा त्या ओल्या कापडावरून गेला आणि गार होऊन अंगाला लागला. कित्येक दिवसांत त्याच्या अंगाला असं काही लागलं नव्हतं. त्याचे खांदे खाली आले. मग तो रडू लागला, लहान मूल रडतं तसा, आवाज करून.

भन्तेंनी त्याला रडू दिलं.

तो शांत झाला तेव्हा पाठीवरचं कापड हलकं झालं होतं. त्यानं ते चाचपलं.

"वाळलं, भन्ते."

"हो. वाळतं."

"पुन्हा भिजवू?"

"त्या दुपारी मी हेच भिजवत होतो," भन्ते म्हणाले. "दुर्पताबाईच्या अंगावर हेच टाकलं होतं. टाकलं की तिला बरं वाटायचं. वाळलं की पुन्हा डोळे फिरवायची. नळापर्यंत जायचो, भिजवून आणायचो."

"कधीपर्यंत?"

"ती गेली तोपर्यंत."

सुबोधनं ते कापड अंगावरून काढून मांडीवर घेतलं. साधं, विरलेलं, काठाशी उसवलेलं.

"म्हणजे तेही पुरलं नाही."

"नाही पुरलं."

"मग... ती गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"तिच्या अंगावरून काढलं. भिजवलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, त्याच्या अंगावर टाकलं."

सुबोध पुढं सरकला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. ती आशा होती की नुसतीच तहान, हे सांगणं कठीण.

"तो वाचला, भन्ते?"

भन्ते खाणींकडून येणाऱ्या धुळीकडं पाहत राहिले...

"त्याच्या पलीकडं आणखी एक खाट होती."