चुरचुरणारं मूळ

फार पूर्वी चीन देशातल्या एका डोंगरी गावात एक सासू होती. थंडी पडली की तिचे गुडघे असे धरत की अंथरुणातून उठणं नको व्हायचं.

गावच्या वैद्यबुवांनी सुनेच्या हाती एक वाळकं मूळ दिलं. आपल्याकडच्या बचनागाचंच ते भावंड. "कच्चं आहे तोवर विष, नीट शिजलं की औषध," वैद्यबुवा म्हणाले. "उकळत ठेव. अधूनमधून काढ्याचा थेंब जिभेला लावून थुंकून टाक. जीभ चुरचुरली तर मूळ कच्चं आहे. मग घोटभरसुद्धा देऊ नकोस."

दुपार झाली तरी जीभ चुरचुरतच होती.

"अगं, झालं का? की मी मेल्यावर देणार आहेस?" सासू कण्हत म्हणाली.

"अजून नाही, आई." सुनेने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. म्हातारीचं कण्हणं ऐकवत नव्हतं आणि काढा द्यायला हात धजत नव्हता.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "जीभ चुरचुरते? मग औषध चांगलं जालीम आहे! फार उकळलंस तर सगळा गुण वाफेबरोबर जाईल हो."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण म्हातारीच्या मुलाला ते पटलं. आईचे हाल त्याला बघवत नव्हते. "दे तो काढा," तो बायकोवर ओरडला.

"नाही. आधी वैद्यबुवांना विचारा," ती चुलीसमोर आडवी उभी राहिली.

"एवढी भितेस कशाला? बघ, मीच पितो!" तिला बाजूला सारून त्याने वाटी भरली, फुंकून फुंकून संपवलीही.

थोड्याच वेळात त्याचे ओठ बधिर झाले, मग बोटं. छाती धडधडू लागली आणि तो भिंत धरून खाली बसला. सून वैद्यबुवांकडे धावली. उठता न येणारी सासू रांगत मुलापाशी आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडू लागली.

वैद्यबुवांनी त्याला ओकायला लावलं आणि ते नाडी धरून बसले. मध्येच नाडी हाताला लागेना, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. दिवस मावळताना कशीबशी नाडी ठिकाणावर आली.

चूल तशीच पेटती होती. सुनेने पुन्हा थेंब चाखला. जीभ चुरचुरली नाही. वैद्यबुवांनीही चाखून मान डोलावली. तिने वाटी सासूपुढे धरली.

सासू वाटी तोंडाला लावेना. "चाखलंस?"

"चाखलं, आई."

"अजून एकदा चाख, बाळ," सासू म्हणाली. "मी थांबते."

तात्पर्य: मायेपोटी केलेली घाईसुद्धा औषधाचं विष करते.