खिंडीतल्या वाऱ्याला अक्षत

एकदा एका आचार्यांकडे एक शिष्य होता, आणि त्याचा आवाज फार सुंदर होता. या गोष्टीतली सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आचार्यांचा आश्रम डोंगरउतारावर होता आणि पंचक्रोशीतून त्यांना मुख्यतः एकाच कामासाठी बोलावणे येई. कुणी नवी वस्ती वसवली किंवा नवी विहीर खोदली, की आधी दिशांना आणि पंचमहाभूतांना हाक मारायची, अशी त्या भागाची रीत होती. पूर्वेला तोंड करून उभे राहायचे, क्रमाने आठही दिशांकडे वळायचे, प्रत्येकीच्या अधिपतीला नाव घेऊन बोलवायचे. मग पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आकाश यांना येथे या, येथे राहा, असे विनवायचे. आचार्य हे काम जवळजवळ पुटपुटत उरकत. शिष्य आवाहन करू लागला की मात्र गुरे चरायची थांबत, असे लोक सांगत. लोक जरा वाढवूनच सांगतात, पण आवाज होता खरा. आश्रमातल्या बारा वर्षांत त्याचा एक स्वर ढळला नव्हता. हे त्यालाही ठाऊक होते, आणि असे काही ठाऊक असलेल्या माणसाच्या चालण्यातही ते दिसू लागते.

चैत्री पौर्णिमा होऊन गेली होती. कुंभारांच्या एका वस्तीतून बोलावणे आले. त्यांचे जुने गाव नदीने नेले होते, आणि चौदा घरांची ती माणसे अकरा दिवस चालून एका माळावर येऊन थांबली होती, कारण तिथली माती चांगली होती. त्यांच्यातली जाणती होती ठकूबाई. वय सत्तरीचे, तळहात मातीने कायमचे भेगाळलेले. तिने निरोप धाडला होता की पहिला आवा लावायचा आहे, तेवढी हाक मारून द्या. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. या लोकांचा नेम असा, की नव्या जागी पहिला आवा साधेपर्यंत घरोघर चूल पेटवायची नाही. सगळ्यांचे अन्न एकाच चुलीवर शिजायचे. आवा बिघडला तर आणखी एकदा लावून पाहायचा. दुसऱ्यांदाही बिघडला, तर ही जागा आपल्याला घेत नाही असे समजून ज्याने त्याने आपली वाट धरायची. शिवाय अक्षय्य तृतीया जवळ आली होती. त्या दिवशी घरोघर नवी घागर पुजतात. तोवर घागरी तयार झाल्या नाहीत, तर वर्षाचे पोट कशावर भरायचे, हा प्रश्न होताच.

आचार्य तापाने अंथरुणावर होते. त्यांनी शिष्याला पाठवले आणि निघताना म्हणाले, आधी जरा माळ फिरून घे. शिष्याने मान डोलावली. निघण्याच्या घाईत वडीलधाऱ्यांच्या सूचनांना आपण सगळेच डोलावतो, तशी.

तो पोहोचला तेव्हा आवा रचून तयार होता. घागरी एकावर एक लावून, शेण्या आणि गवताने झाकून वर मातीचा लेप दिलेला. पेटवण्यासाठी एका बाजूला तोंड मोकळे ठेवले होते. ते तोंड वायव्येकडे आहे हे पाहून शिष्याच्या कपाळाला आठी पडली. अग्नीची दिशा आग्नेय. वायव्य ही वाऱ्याची. अग्नीचे तोंड वाऱ्याच्या दिशेला ठेवणे म्हणजे निव्वळ अज्ञान. त्याने तोंड आग्नेयेकडे फिरवायला सांगितले.

ठकूबाई पदर सावरत पुढे आली. "म्हाराज, हितं दुपार कलली का वारं त्या खिंडीतनं येतंय." तिने आग्नेयेकडच्या डोंगरातल्या खिंडीकडे बोट केले. "तिकडं तोंड केलं तर जाळ आवरायचा न्हाई."

शिष्याने तिला समजुतीच्या स्वरात सांगितले की दिशा गावागणिक बदलत नसतात. खिंडीकडे त्याने पाहिलेही नाही. कुंभार एकमेकांकडे पाहत राहिले. पण विद्वान माणूस दारी आलेला, त्याला नाही कसे म्हणणार? त्यांनी तोंड फिरवले.

आवाहन अप्रतिम झाले. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आले. वायव्येकडे वळून त्याने वायूला साद घातली तेव्हा त्याच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. आवा पेटला. दुपार कलली, आणि खिंडीतून वारा सुटला तो थेट आव्याच्या तोंडात शिरला. आतून भट्टी गरजू लागली. मग एकेक घागर फुटल्याचे आवाज येऊ लागले. माणसे ओली गोणपाटे घेऊन धावली, पण तोंड झाकेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. नंतर राख उकरली तर हाती खापऱ्याच आल्या.

शिष्याला कुणी दोष दिला नाही. उलट संध्याकाळी पहिली भाकरी त्यालाच वाढली.

निरोप गेला. अंगातला ताप पुरता उतरलाही नव्हता, तरी आचार्य बैलगाडीने आले. त्यांनी खापऱ्या पाहिल्या आणि ठकूबाईला विचारले, शेण्या किती उरल्यात? एका आव्यापुरत्या, ती म्हणाली. तृतीयेला नऊ दिवस होते. कुंभारांची चाके थांबली नव्हती. पुन्हा घडवलेल्या ओल्या घागरी सावलीत सुकत होत्या. आता आचार्य एखादी शांती करतील, निदान पुन्हा आवाहन तरी करतील, म्हणून सगळे जमले. आचार्यांनी मूठभर तांदूळ आणि कुंकू मागितले. तांदळाला कुंकू चोळून अक्षता केल्या, उपरण्याच्या टोकाला बांधल्या आणि शिष्याला म्हणाले, "तीन दिवस तोंडातून मंत्र काढायचा नाही. चल, आमंत्रणं द्यायची आहेत."

जमलेल्यांना काही कळेना. इथे घरे मोडायची वेळ आलेली, दोन कुटुंबांनी गाठोडी बांधायला घेतलेली, आणि हा म्हातारा लग्नाची अक्षत घेऊन निघाला होता. एक तरणा कुंभार तसे पुटपुटलादेखील. ठकूबाईने त्याला डोळ्यांनीच गप्प केले, पण तीही उरलेल्या शेण्या पुन्हा मोजू लागली.

गुरुशिष्य खिंडीत पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. पान हलत नव्हते. दगड इतके तापले होते की बसवेना. आचार्य एका कातळाच्या सावलीला टेकले आणि बसून राहिले. शिष्यही बसला. बऱ्याच वेळाने खिंडीपलीकडच्या उतारावरचे वाळके गवत त्याला वाकलेले दिसले. आवाज अजून नव्हता. मग ते वाकणे टप्प्याटप्प्याने वर चढत आले, खालच्या रानातून एक घरघर उठली, आणि वारा खिंडीत घुसला. शिष्याचे उपरणे उडाले. तो उभा राहायला गेला तर पावले मागे सरकली. मैलोन् मैल मोकळा धावत आलेला तो वारा दोन डोंगरांच्या मधल्या त्या चिंचोळ्या वाटेत आवळला जात होता आणि पलीकडे माळावर, कुंभारांच्या वस्तीवर, जाऊन पडत होता. शिष्याला भीती वाटली. खरीखुरी भीती, लहानपणी पुराच्या पाण्याची वाटली होती तशी. बारा वर्षे ज्याचे नाव तो घेत आला होता, तो एवढा मोठा असेल हे त्याच्या कधी मनातही आले नव्हते.

आचार्यांनी एका दगडावर चार दाणे ठेवले. ते ठेवताक्षणी उडून गेले.

"तुझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या वडिलांनी काय केलं?" आचार्यांनी विचारले. "अंगणात उभं राहून नातलगांच्या नावानं ओरडले का?"

"नाही, गुरुजी. घरोघर गेले. कुंकू लावलं, हातावर अक्षत ठेवली."

"घरी गेलं म्हणजे कळतं. कुणाकडे म्हातारं माणूस आहे, कोण कधी निघेल, कोणत्या वाटेनं येईल. मग मांडवात त्याच्यासाठी जागा करता येते. तू ज्याला हाक मारलीस त्याच्या दाराशी कधी गेलाच नव्हतास. तो आपला रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेनं आला. त्या वाटेत तू आव्याचं तोंड उघडं ठेवलंस."

शिष्य खाली मान घालून म्हणाला की पोथीत वायूची दिशा वायव्यच लिहिली आहे.

"पोथी लिहिणारा खोटं बोलला नाही," आचार्य म्हणाले. "तो जिथं राहत होता तिथं वारा वायव्येकडून येत असेल, आणि तो त्याच्या उगमापर्यंत पायी गेला असेल. तो गेला म्हणून त्यानं लिहिलं. तू ते पाठ केलंस, आणि जायचं राहून गेलं."

पुढचे दोन दिवस ते असेच हिंडले. पश्चिमेच्या कड्यात कितीतरी फटींतून पाणी पाझरत होते. कुंभारांच्या बाया तिथून पाणी नेत. आचार्यांनी शिष्याला त्यातल्या एका फटीखाली ओंजळ धरून बसवले. एक थेंब पडला, आणि दुसरा पडेपर्यंत शिष्याचे चार श्वास झाले. ओंजळ भरायला उन्हे उतरली. अशा थेंबाथेंबाच्या पाझरांवर चौदा घरांच्या घागरींची माती मळली जाते, हे कळल्यावर त्याने ते पाणी सांडले नाही. तो ते जपून प्यायला. उत्तरेला मातीची खाण होती. तिथे त्याने कोपरापर्यंत हात खुपसला तेव्हा वैशाखाच्या तोंडावरच्या त्या उन्हातही आत गारवा लागला आणि हाताशी शंखाचा एक तुकडा आला. या कोरड्या माळाच्या जागी कधीकाळी तळे होते. किती काळापूर्वी, हे मनात आणता आणता त्याला घेरी आल्यासारखे झाले.

अग्नीचे घर मात्र सापडेना. शिष्याने आग्नेय पाहिली, पूर्व पाहिली. शेवटी त्याने ठकूबाईलाच विचारले. बारा वर्षांत तो कुणाला असे पहिल्यांदाच विचारत होता.

"आगीला कसली दिशा, बाबा?" ती म्हणाली. "ती आमच्यासंगं चालत आली. गाव बुडालं तवा चुलीतले निखारे मातीच्या परळात घेतले, वर राख घातली, आन् अकरा दीस डोक्यावर आणले. रोज फुंकून बघायची, हाय का गेली." तिने एकुलत्या चुलीकडे हात केला. "हीच ती."

आचार्यांनी त्या चुलीपुढे अक्षत ठेवली आणि डोके टेकले. शिष्याने टेकलेले डोके बराच वेळ उचलले नाही. उरलेले चार दाणे आकाशासाठी होते. ते कुठे ठेवावेत हे आचार्यांनी सांगितले नाही, आणि शिष्यानेही विचारले नाही. त्याने ते सुकत ठेवलेल्या एका कच्च्या घागरीच्या पोकळीत टाकले.

घागरी सुकल्यावर दुसरा आवा रचला गेला. या वेळी तोंड ठकूबाई म्हणेल तिकडे, खिंडीकडे पाठ करून. दुपारी सगळे जमले. आचार्य मागे जाऊन बसले. आवाहन शिष्याने करायचे होते. तो आग्नेयेकडे, खिंडीकडे वळला. लोकांना वाटले, आता तो आवाज उठेल. पण त्याच्या तोंडून फक्त "या" एवढेच निघाले. तेही हळू, दारात आलेल्या माणसाला म्हणावे तसे. आणि मग तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला. याआधी त्याने हाक मारली होती पुष्कळ, वाट कधी पाहिली नव्हती.

माळावर पान हलत नव्हते. एवढी माणसे उभी होती, पण कुणी खाकरलेही नाही. मग लांब खिंडीच्या उतारावर गवत वाकले. ते वाकणे त्या अफाट माळावरून त्यांच्याकडे चालत आले. बायकांचे पदर हलले, शिष्याच्या कपाळावर धूळ बसली, आणि आव्याच्या पाठीला वळसा घालून वारा पुढे निघून गेला. तोंडाशी निखारे लावले तर जाळ संथ आत ओढला गेला. शिष्याला हुंदका आवरेना. आचार्यांनी जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी," तो म्हणाला, "हे सगळे रोज येतात. माझ्या हाकेवाचून येतात. इथं नव्हतो तो मीच."

आचार्यांचेही डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवा निवला. ठकूबाईने राख सारून पहिली घागर काढली, बोटाच्या पेराने वाजवली. घागर खणखणीत वाजली. दुसरी वाजली, तिसरी वाजली. गाठोडी बांधलेल्या दोन घरांतल्या बायका एकमेकींकडे पाहून रडू लागल्या. मग कुणी न सांगता प्रत्येक घरातून एक बाई आव्यातले नवे परळ घेऊन पुढे आली. ठकूबाईने चुलीतले निखारे थोडे थोडे प्रत्येकीला दिले आणि त्या आपापल्या दारात गेल्या. थोड्या वेळाने माळावर चौदा ठिकाणांहून धूर वर चढू लागला.

शिष्य जमिनीवर बसून ते पाहत होता. ठकूबाईने त्याला भाकरी आणून दिली आणि विचारले, आता एकदा मोठ्यानं म्हणता का? तो म्हणाला, म्हणतो, पण आधी जरा ऐकू दे.

आपणही सकाळी दार उघडून एखाद्याला हाक मारण्याआधी क्षणभर उंबऱ्यावर थांबून पाहावे, तो कदाचित येऊन उभा असेल.