हरिबाची पुडी आणि झिपरी

"…आणि शतावरी घातली तर? शतावरी घातल्यावर तोंड लावील का ती, बाबा?"

"घालून बघ."

"कालच घातली."

"मग इचारतोस कशाला?"

गप्प बसायची सवय नव्हती हरिबाला, म्हणून उगाच कान खाजवत राहिला.

खंडोबाची टेकडी ती. वर देऊळ, देवळाच्या ओसरीत खेमाबाबा. बाबा तिथले जुने वाघ्या. आता वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रं. देवापुढं भुंकायचं, कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रात, पडेल ते गोड मानायचं. हरिबा बाबांचा चेला. आज चंपाषष्ठी, आणि आज बाबा त्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी बांधणार, हरिबा वाघ्या होणार. धोतरसुद्धा नवं नेसून आला होता.

पण त्या टेकडीची एक रीत. षष्ठीच्या नैवेद्यातला पहिला घास देवळातल्या कुत्रीला. तिनं खाल्ला तर दीक्षा. नाही खाल्ला तर बसा वर्षभर.

आणि झिपरी खात नव्हती.

झिपरी म्हणजे देवळातली केसाळ कुत्री. पायरीवर पडून होती, मान टाकून. एरवी दगड जरी पडला तरी भाकरी समजून उठायची. आता माशी नाकावर बसली तरी हलत नव्हती.

"बाबा, मी तिला काय कमी केलं? सांगा तुम्ही."

"काय काय केलंस, ते तू सांग."

हेच तर हरिबाला हवं होतं. हरिबाची पुडी खालच्या सगळ्या गावांत नावाजलेली. कुत्र्याचे केस गळतात, द्या पुडी. मांजर रोडावलंय, द्या पुडी. कुणाचा नवरा रुसला असता तर त्यालाही चाटवली असती.

"शेवग्याचा पाला," हरिबा म्हणाला. "हाडं बळकट होत्यात. हळद, अंगातली सूज उतरती. जवस, केसाला चकाकी. अश्वगंधा. आवळकाठी. गोचिडांवर लसूण… षष्ठीला झिपरी कशी दिसाय पायजे, बाबा? घोड्यावानी."

"रोज?"

"रोज. दुधात, भाकरीत, पेजेत. एक घास सुना जाऊ दिला न्हाई."

"आणि गुरवीणबाईचं मांजर?"

हरिबानं हातावरचा ओरखडा धोतराखाली लपवला.

"ते… ते जरा अवखळ हाय."

"कुठं असतं हल्ली?"

"कौलावर."

बाबांनी कौलाकडं पाहिलं. मांजर वरून हरिबाकडंच बघत होतं, करवसुलीला माणूस आल्यावर बघावं तसं.

"जनावरांच्या दवाखान्यात नेलीस झिपरीला?"

"नेली की. डॉक्टरनं सुई टोचली. आणि म्हणतो कसा, काय चारतोस ते समदं थांबव. लसूण तर कुत्र्याला अजिबात नको म्हणे." हरिबा हसला. "बाबा, रानातलं हाय सगळं. रानातलं कधी बाधतं व्हय? त्याला गोळ्या विकायच्या असतील."

"विकल्या?"

"…न्हाई."

बाबा बसल्या जागी डिमडीचं कातडं अंगठ्यानं चोळत राहिले. खाली गुरवाच्या चुलीवर रोडगे भाजत होते, त्याचा वास वरपर्यंत येत होता. झिपरीचं नाक जरासं हललं. तेवढंच.

"हरिबा."

"जी."

"आज वाघ्या व्हायचं ना तुला?"

"म्हणून तर जीव टांगणीला लागलाय, बाबा. हिनं तोंड न्हाई लावलं तर…"

"मग हो कुत्रं."

बाबांनी कोटंबा पुढं ओढला. झिपरीपुढची सकाळची भाकरी, पुडी कालवलेली, हिरवट, वरून माश्या… ती त्यात ओतली.

"हात न लावता," बाबा म्हणाले.

हरिबाला बरं वाटलं, बघा. मनात म्हणाला, परीक्षा हाय ही. कुत्री कमी पडली म्हणून बाबा माझीच भक्ती बघत्यात. त्यानं धोतर खोचलं, गुडघे टेकले, हात टेकले. भुंकला. असा भुंकला की गुरवीणबाई चुलीपासून उठून बघायला आली. आणि मग तोंड घातलं कोटंब्यात.

पहिला घास कडू. दुसरा तुरट. तिसऱ्याला लसूण भेटला. हरिबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो थांबला नाही. कोटंबा चाटूनपुसून लख्ख केला. मिशीला शेवगा लागलेला तसाच उठला आणि छाती काढून बसला.

"खाल्लंस?"

"खाल्लं, बाबा."

"समदं?"

"कण ठेवला न्हाई. प्रसाद हाय तो."

बाबांनी झिपरीकडं बोट केलं.

"तिनं नुसतं हुंगलं आणि सोडलं… कुत्री ती हाय. तू न्हाईस."

गुरवीणबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती.

वर्षानुवर्षं हरिबानं बाबांचं पाणी भरलं, डिमडी शिकला, जागरणात घसा बसवला, आणि आता कोटंबा चाटल्यावर हे. बोलायला गेला तर बोलणं बाहेर यायच्या आधी ढेकर आली. मग दुसरी. मग त्यानं पोट धरलं.

"काय झालं?"

"काय न्हाई…"

थोड्या वेळानं लोटा घेऊन टेकडीमागं गेला. आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तो सरळ पायरीवर झिपरीशेजारी आडवा झाला. दोघं एकाच कुशीवर, एकाच तऱ्हेनं.

बाबा उठून जवळ आले.

"शेवग्याचा पाला देऊ?"

"नको."

"आवळकाठी? पोटाला बरी असती."

"नको, बाबा."

"रानातलंच हाय की."

"बाबा, पाया पडतो. काय नको. जरा पडू द्या."

"पड," बाबा म्हणाले, आणि जाऊन बसले.

उन्हं कलली. दुपारपासून कुणी झिपरीला काही चारलं नव्हतं; चारणारा तिच्याशेजारीच कण्हत होता. मग ती आपली आपण उठली. पाय लटपटत होते. ओट्याच्या कडेला हरळी उगवली होती, तिथं गेली. एक पातं हुंगलं, सोडलं. दुसरं हुंगलं, सोडलं. मग एक चावलं. मग आणखी थोडी. हरिबा पडल्या पडल्या बघत होता. पुढं होऊन निवडून द्यावी असं त्याच्या हाताला वाटलं, पण पोटानं उठू दिलं नाही.

झिपरी थोडी ओकली. ओट्याखालच्या दगडी डोणीतलं पाणी प्याली. परत येऊन पडली. या वेळी मान पायांवर ठेवून.

सांजेची आरती झाली. गुरवीणबाईनं नैवेद्य आणला, भरीत आणि रोडगा. लोक गोळा झाले. आता पहिला घास.

हरिबानं रोडग्याचा तुकडा घेतला. त्यावर भरीत होतं. भरितातला कांदा-लसूण बघून थबकला, आणि बोटानं सगळं भरीत निपटून काढलं. नुसता कोरडा तुकडा झिपरीपुढं धरला.

झिपरीनं हुंगलं. तुकडा नाही, हात हुंगला. आणि तोंड फिरवलं.

लोकांत कुजबुज झाली. "गेलं साल," कुणीतरी म्हणालं.

हरिबानं आपला हात नाकाशी नेला. किती वर्षांत नेला नव्हता. शेवगा, हळद, लसूण… सगळी पुडी अजून हातावरच होती.

तो उठला. खाली जाऊन गुरवाच्या चुलीतली राख आणली, डोणीशी बसला, कोपरापर्यंत हात घासले. हुंगले. पुन्हा घासले. पोरीला न्हाऊ घालावं तसे. पुन्हा हुंगले. मग नवा तुकडा घेतला आणि झिपरीच्या तोंडाशी न नेता आपल्या गुडघ्यावर ठेवला. नुसता बसून राहिला.

झिपरी बराच वेळ बघत होती.

मग आली. हात हुंगला. तुकडा हुंगला. गुडघा हुंगला, उगाच. आणि हळूच, दातांच्या टोकानं, तुकडा उचलून नेला.

लोकांनी भंडारा उधळला. कौलावरचं मांजर तेवढं जागचं हललं नाही. त्याचा हिशेब निराळा होता.

हरिबा रडत होता की भंडारा डोळ्यांत गेला होता, कळत नव्हतं. बाबांपुढं येऊन गुडघे टेकले, डोळे मिटले, मान पुढं केली.

"बांधा, बाबा. तुम्ही द्याल ते घेतो."

बाबांनी पिशवी हातात घेतली. बांधली नाही. तशीच त्याच्या नाकासमोर धरली.

"…आधी हुंग."