पाटाची कुरकुर

भांडी पालथी घातली की आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. अंतोबांच्या जेवणाच्या पाटाचा एक पाय चिरला होता. अंतोबा रोज दोन मुदी भात खात, एक वरणाबरोबर, एक ताकाबरोबर, आणि दर महिन्याला अधिक जड होत.

"मोठ्या वाटीबाई," मुदी पाडणाऱ्या वाटीला पाट कळवळून म्हणाला, "मुदीचा हा डोंगर जरा कमी करा. मी मोडलो तर थेट चुलीत जाईन!"

"मी काय करू? मालकांना दोन मुदी लागतातच," मोठी वाटी फणकारली.

"मोठ्याच लागतात, असं कुठं म्हणालेत?" उसळीची छोटी वाटी म्हणाली. "चल, फळीवरची जागा बदलू."

दुसऱ्या दिवशी वाढताना अंतोबांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, सवयीने फळीवर हात घातला. छोट्या वाटीने भाताची मूद पडली आणि मोठीत मटकीची उसळ आली. अंतोबांनी दोन मुदी मोजून खाल्ल्या आणि तृप्तीचा ढेकर दिला. रोज हेच चाललं.

सहा महिन्यांनी अंतोबा पाटावर बसले, तर कुरकुर नाही.

"अगं, हा पाट बघ! म्हातारपणी कसा मजबूत झालाय!"

हसू दाबताना ताटातली मोठी वाटी हिंदकळली आणि थोडी उसळ सांडली. अंतोबांनी तीही वेचून खाल्ली.